पहिला घाणा

वरच्या आळीतल्या डोहाळजेवणात काकूंच्या सुनेनं भजी नाकारली, ही बातमी आमच्या दारात पोचायला तिन्हीसांजही व्हावी लागली नाही. येताना ती तिखटमीठ लावूनच आली. एकीच्या मते सुनेनं नाक मुरडलं. दुसरीच्या मते ताटच मागे सरकवलं. तिसरी तिथं नव्हतीच, पण तिला सगळं ठाऊक होतं. म्हणाली, "इंदूरची ना ती, तिला आपलं रत्नागिरीचं कसं रुचणार!"

एवढं ऐकल्यावर घरात बसवेल कुणाला? सकाळी वाटी घेऊन मी गडग्याशी गेले. आमच्या आणि काकूंच्या परड्याच्या मध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे आणि त्याला लागून काकूंचा कढीपत्ता. पलीकडे काकू सुपात जाड पोहे घेऊन उन्हाला ठेवत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "भज्यांचं विचारायला आलीस ना?"

"छे हो! जरा कढीपत्ता हवा होता."

"तुझ्या पाठीमागे तुझं झाड दिसतंय मला."

आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता. मी वाटी गडग्यावर ठेवली आणि विचारलं, "एवढंच सांगा काकू. सूनबाईंना गहू चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर पुऱ्यांचा आग्रह कुणी केला नाही. पण कांदाभजी म्हणजे बेसन, बेसन म्हणजे हरभरा. त्यात गहू आला कुठून?"

"पुऱ्या कुठल्या कढईत तळल्या?"

"त्याच. एकच तर मोठी कढई आहे त्यांच्याकडे."

"मग तिथून आला. पुरीचं पीठ तेलात सुटतं, तळाशी बसतं, तेच भज्याला लागून वर येतं."

"पण उकळत्या तेलात सगळं जळून जात असेल की!"

"अगं, जंतू असते तर मेले असते. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन. ते तेल तापवून जात नाही आणि तेल गाळूनही पुरतं निघत नाही. बरं, कढई सोड. हिंग कुठला घातला होता?"

"हिंग काय, डबीतला पिवळा."

"त्या डबीवरची बारीक अक्षरं वाच घरी जाऊन. खरा हिंग म्हणजे झाडाच्या मुळातला चीक. तो येतो इराण-अफगाणिस्तानकडून आणि इतका जहाल असतो की तसाच वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालून तो बांधतात. पुष्कळदा ते पीठ मैद्याचं असतं, काही ठिकाणी तांदळाचं. आणि आता तिसरं सांग. बेसन विकतचं होतं की दळून आणलेलं?"

"दळून. घरची डाळ देऊन."

"सकाळच्या वेळी आपल्या गिरणीत गव्हाशिवाय काय दळतात? आधीच्या माणसाची मूठ-दोन मुठी कणीक दगडात राहते आणि ती तुझ्या डाळीत उतरते. आता मोज. कढई, हिंग, गिरणी. भज्यात गहू कुणी घातला नव्हता, पण तीन वाटांनी तो आत शिरला होता."

मी गप्प झाले. अशी मी फार वेळा होत नाही. मग सगळ्या आळीच्या मनातला प्रश्न मीच विचारला. "पण काकू, एक भजं खाल्लं असतं, यजमानीणबाईंचं मन राखायला, तर काय आभाळ कोसळलं असतं?"

उत्तर ओटीवरून आलं. काका वर्तमानपत्राआड बसलेले असतात, पण कान गडग्याशी असतात. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे समोर वर्ग आहे असं समजूनच बोलतात. "आभाळ नाही कोसळत, आतडं झिजतं. लहान आतड्याच्या आत बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. सिलियाक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की त्याचं स्वतःचंच प्रतिकारदल त्या लवेवर उठतं. लव झडून आतडं सपाट होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही."

"आमच्या सुनेचं तसंच झालं," काकू म्हणाल्या. "लोहाच्या गोळ्या चालू, पालक चालू, गूळ-शेंगदाणे चालू, आणि रक्त काही वर येईना. माहेरी सगळे म्हणायचे, नाजूकच आहे पोर. जुलाब नाहीत, पोटदुखी नाही, मग संशय येणार कसा? शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी केली, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा कळलं. माळव्याच्या गव्हावर वाढलेली मुलगी. सकाळी पराठा, दुपारी पोळी, रात्री परत पोळी. जे घरचे मायेनं वाढत होते तेच बाधत होतं."

"मग इकडे आपल्यात कुणाला कसं नसतं हे?"

"असतं, पण कमी," काका म्हणाले. "उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला. दक्षिणेकडे जाल तसं पुष्कळ कमी. आपण भातावरची माणसं, म्हणून शब्दही कानावरून गेलेला नसतो. गव्हाचा संबंध पहिल्यांदा पक्का केला तो हॉलंडमधल्या डिके नावाच्या मुलांच्या डॉक्टरनं. १९४४-४५ चा हिवाळा, महायुद्धाचा शेवट, देशात उपासमार. पाव मिळेना. सगळी मुलं खंगत होती आणि याच्याकडची सिलियाकची मुलं मात्र सुधारत होती. पुढे पाव परत आला आणि ती मुलं परत आजारी पडली. १९५० साली त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी त्या मुलांना केळ्यांवर ठेवायचे."

"मग औषध?"

"गहू, सातू आणि राय बंद. जन्मभर. दुसरं औषध नाही."

मला लगेच माझं पोट आठवलं. "काकू, मलाही पोळी खाल्ली की फुगल्यागत होतं. मीही महिनाभर गहू सोडून बघू का?"

"मुळीच नाही. आधी तपासणी करून घे. गहू सोडून मग रक्त दिलंस तर रोग असला तरी तपासणीत दिसणार नाही. आणि निम्म्या वेळा," काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, "पोळ्या किती खाल्ल्या तेही मोजायला हवं."

हा विषय मी पुढे वाढवला नाही.

तेवढ्यात मासेवाली मावशी पाटी घेऊन आली. सकाळची मिरकरवाड्याहून थेट आमच्या आळीत. बांगडे ताजे होते, डोळे अजून चकाकत होते. काकूंनी सहा घेतले. मी म्हटलं, "सूनबाईंना तळलेला मासा तरी कसा चालणार? रवा लावल्याशिवाय बांगडा म्हणजे..."

मावशीनं पाटी खालीच ठेवली. "रवा? आमच्यात कुणी रवा लावीत नाय. तांदळाचं पीठ लावायचं आणि तव्यावर टाकायचं. रवा लावतात तो हॉटेलात, मासा मोठा दिसायला."

"ऐकलंस?" काकूंना विजय मिळाल्यासारखं झालं. "आणि रव्याचीच तर मोठी गंमत आहे. गेल्या खेपेला मुलगा तिला एका हॉटेलात घेऊन गेला. वाढप्याला विचारलं, माशाला गव्हाचं काही लावता का? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, नाही मॅडम, गहू अजिबात नाही, फक्त रवा. आता रवा काय आभाळातून पडतो? रवा, मैदा, शेवया, दलिया, सगळी एकाच गव्हाची पिलावळ."

"मग खपली? आमच्याकडे सांगलीहून येते. ती तर म्हणे मधुमेहवाल्यांनाही..."

"खपली हाही गहूच. तुला मला चांगला असेल, तिला नाही. मल्टिग्रेन पाकिटावर दहा धान्यांची चित्रं असतात, त्यातलं पहिलं गव्हाचं असतं. आपल्या घरातसुद्धा बघ ना. थालिपिठाच्या भाजणीत मूठभर गहू, मेतकुटात गहू, कोंबडीवड्यांच्या पिठात पुष्कळ जणी गहू घालतात, सातूच्या पिठाचं तर विचारूच नको. सगळीकडे मूठ-मूठ. भाजणीत मी आता गव्हाच्या जागी ज्वारी वाढवते. कुणाला फरक कळलेला नाही. ह्यांना तर नाहीच."

"मला कळला होता," काका म्हणाले. "बोललो नाही."

मावशी पैसे घेऊन गेली आणि काकू बांगडे घेऊन पाथरीवर बसल्या. मी गडग्यावरच रेलले. मला मुळात हेच ऐकायचं होतं. आमच्या नातवाचा वाढदिवस पुढच्या रविवारी. काकूंच्या घरी आमंत्रण द्यायचं तर सुनेच्या ताटात काय वाढायचं, हा प्रश्न माझ्या दारात येऊन ठेपलेला होताच.

"सुरुवातीला मुलानं पुण्याहून पाकीट आणलं," काकू सांगू लागल्या. "परदेशी ब्रेडचा चुरा, ग्लुटेनशिवायचा. किंमत बघून मला वाटलं आत काजू असतील. उघडला तर पांढरा भुगा. कटलेटला लावून तळला, तर रंगच चढेना, चवीला कागद. दुसऱ्या खेपेला कुणीतरी सांगितलं, कॉर्नफ्लेक्स चुरून लावा, मका तर आहे. लावणारच होते. सुनेनं हात धरला. पाकिटावर बारीक अक्षरात माल्ट लिहिलेलं होतं. माल्ट म्हणजे सातू. मका कितीही निर्दोष असला तरी त्याच्या अंगाला सातू चोपडलेला. तेव्हापासून मी चष्म्याशिवाय दुकानात पाऊल टाकत नाही. गहू असेल तर पाकिटावर तसं लिहावंच लागतं, फक्त ते शोधावं लागतं."

"आणि ग्लुटेन-फ्री असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं की झालं ना?"

"तसं लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असलं पाहिजे, असा आपल्याकडचा सरकारी नियम आहे. २० मिलिग्रॅम! आता कळलं चिमूटभर हिंग का मोजायचा ते?"

बांगड्याला काप देता देता त्यांनी एकदम आवाज खाली आणला, जणू कुणाचं लग्न मोडल्याचं सांगताहेत. "पण खरी गोष्ट सांगू? हे सगळं शोधत होते तेव्हा एकादशी आली. फडताळातला उपासाचा डबा काढला आणि त्याच्याकडे बघतच राहिले. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. एकात तरी गहू आहे? आपल्या आज्या-पणज्या वर्षातून चोवीस एकादश्या गव्हाशिवाय जेवत आल्या, तळणासकट. आणि मी पुण्याहून भुगा मागवत होते."

"मग यातलं लावायचं काय?"

"सगळं लावून झालं. ऐक आता, मध्ये बोलू नकोस.

"साबुदाणा अख्खा लावलास तर तो गरम तेलात फुटतो. डोळ्यात उडेल. लावायचा तर कोरडा भाजून, बारीक दळून, तांदळाच्या पिठात मिसळून. मग पापुद्रा छान कडक येतो. राजगिऱ्याचं पीठ फार लवकर लाल होतं. वरून झालं म्हणून काढावं तर आत कच्चं. शिंगाड्याला गोडूस चव आहे, रताळ्याच्या कापांना शोभते, माशाला नाही. नाचणी मुळातच काळसर, त्यामुळे तळण झालं की करपलं हेच कळत नाही. कुरमुऱ्यांचा चुरा तोंडात टाकेपर्यंत कुरकुरीत आणि ताटात पाच मिनिटं राहिला की मऊ. ज्वारीच्या लाह्या चवीला सुरेख, पण टरफल दातात अडकतं. ह्यांच्या कवळीत अडकलं तेव्हापासून त्या बंद."

ओटीवर वर्तमानपत्र जोरात झटकलं गेलं.

"शेवटी टिकले दोनच. माशाला तांदूळ आणि कटलेटला पोहे. दोन्ही आपल्याच शेतातले."

"तांदळाचं पीठ नुसतं?"

"नुसत्या पिठाचं आवरण गुळगुळीत होतं आणि जाड बसलं तर पिठूळ लागतं. त्यात कणी हवी. तीन भाग पीठ, एक भाग तांदळाचा रवा, तोच इडलीचा. हा रवा चालतो बरं का, पण पाकीटबंद घ्यायचा. सुट्ट्या मालाच्या दुकानात एकच माप गव्हाच्या रव्यातून निघून इडलीच्या रव्यात जातं. आता बांगड्याचं बघ. आधी मासा निथळून फडक्यानं कोरडा करायचा. ओल्या माशाला काहीही लाव, तव्यावर सुटणारच. मग आगळ, हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण. अर्धा तास मुरला की पीठ-रव्यात घोळवायचा, तळव्यानं दाबायचा, जास्तीचं झटकायचं आणि..." त्यांनी बोट वर केलं, "तसाच दहा मिनिटं ठेवायचा. ही दहा मिनिटं कुणी थांबत नाही. पिठाला मसाल्यातली ओल शोषून घेऊ दे, मग ते माशाला धरून बसतं."

"गव्हाला नाही लागत एवढं थांबायला."

"कारण गव्हाच्या पिठाला चिवटपणा असतो. ओलं झालं की त्याची तार येते, ती सगळं बांधून ठेवते. हा चिवटपणा म्हणजेच ग्लुटेन. तो काढून घेतलास की बांधायला दुसरं कुणीतरी हवं. अंडं, उकडलेला बटाटा, कॉर्नफ्लोअरचा घोळ किंवा निदान थोडा वेळ. पण त्या बदल्यात तांदूळ एक गोष्ट देतो. गव्हाच्या मानानं तो तेल कमी पितो आणि बराच वेळ कडक राहतो. तव्यावर टाकलास की उचकटू नकोस. खालची बाजू धरली की मासा आपणहून सुटतो. तीनदा उलथला की आवरण तव्याला आणि मासा ताटात."

"आणि बोंबील?"

"बोंबलात नुसतं पाणी. मध्ये चिरून, उघडून, फडक्यात ठेवून वर पाट्याचं वजन. चांगला तासभर. पाणी निघालं की मग पीठ. नाहीतर जगातलं कुठलंही पीठ लाव, खीर होते."

आतून सूनबाई बाहेर आली. हातात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं. मला बघून हसली. "कढीपत्ता न्यायला आलात ना?" या घरात बोलणं गडग्यापेक्षा वेगानं फिरतं. मी म्हटलं, "कटलेट शिकायला आले गं." मग तिचीही जीभ सुटली. इंदूरची असली तरी आता तिच्या मराठीत 'हो की नाय' डोकावायला लागलंय.

"मावशी, कटलेटमध्ये दोन ठिकाणी गहू असतो. वरचा चुरा सगळ्यांना दिसतो. पण आतही ब्रेडची स्लाइस भिजवून, पिळून घालतात, सारण बांधायला. ती दिसत नाही. मी आत पातळ पोहे घालते, नुसते पाण्याचा हात लावून. ते बटाट्यातलं जास्तीचं पाणी ओढून घेतात आणि सारण घट्ट होतं. बाहेर जाड पोहे. म्हणजे पोह्यात पोहे. इंदूरची आहे ना, माझं पोह्यांशिवाय होत नाही."

"आणि ते उन्हात?"

"ऊन दाखवलं की मग कढईत मंद आचेवर कोरडे भाजायचे. चुरडल्यावर कटकन तुटले पाहिजेत. मिक्सरमध्ये दोन झटके फक्त. पीठ झालं तर बिघडलं. मिरीच्या दाण्याएवढे तुकडे राहायला हवेत, त्यानंच कुरकुरीतपणा येतो. कटलेट थापलं की आधी कॉर्नफ्लोअरमध्ये कोरडंच घोळवायचं, म्हणजे वरची ओल जाते. मग घोळात बुडवायचं. अंडं चालत असेल तर अंडं फेटून, नसेल तर कॉर्नफ्लोअर आणि तांदळाचं पीठ समभाग, मीठ, मिरपूड, पळीच्या पाठीवर पातळ थर राहील एवढं पाणी. मग पोह्यांत घोळवून हलक्या हातानं दाबायचं आणि अर्धा तास फ्रीजमध्ये."

"हा अर्धा तास महत्त्वाचा," काकू म्हणाल्या. "फ्रीजमधून थेट तेलात. तेलात पोह्याचा एक कण टाकायचा. तळाशी बसला तर तेल गार आहे, लगेच काळा झाला तर फार तापलं. बुडबुडे घेत तरंगत वर आला की तेल तयार."

"साधारण १७५ अंश," ओटीवरून आलं.

"ह्यांनी थर्मामीटर आणलाय. तळत कधी नाहीत, मोजतात फक्त. आणि एका वेळी तीन-चारच. कढई भरलीस की तेल गार होतं आणि कटलेट तेल पीत बसतं. पोह्यांना रंग उशिरा चढतो, म्हणून ब्रेडच्या चुऱ्यासारखा गडद तपकिरी रंग येण्याची वाट बघायची नाही. सोनेरी झालं की काढायचं."

मी मनातल्या मनात वाढदिवसाचा बेत मांडत होते. "मग भजी? ती तरी करू ना?"

"कर की! बेसन पाकीटबंद आण, ग्लुटेन-फ्री लिहिलेलं. कुरकुरीत हवी असतील तर वाटीभर बेसनाला दोन चमचे तांदळाचं पीठ आणि वर चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. हिंग घालायचा तर माझ्याकडून खडा ने, नाहीतर ओवा घाल, हिंगाची आठवण येणार नाही. सोडा चालतो. बेकिंग पावडर घालणार असशील तर डबी वाच, तीत कसलंतरी पीठ मिसळलेलं असतं."

"एवढंच ना? मग हे सोपंच आहे की."

"लावायचं काय ते सोपंच आहे," काकूंनी सुरी धुतली. "ते तर आपल्या घरात आधीपासून होतं. अवघड आहे ते लागू न देणं. तुझ्या चाळणीच्या जाळीत कणीक असते. लाकडी पोळपाटाच्या चिरेत असते. पोळ्यांना जे हात लागले तेच न धुता पोह्यांच्या डब्यात जातात. आमच्याकडे सुनेची चाळणी वेगळी, तवा वेगळा, झारा वेगळा, तेलाची कढई वेगळी. आणि ते सगळं वरच्या फळीवर, म्हणजे वरून तिथं काही सांडत नाही."

मला काकूंच्या सासूबाई आठवल्या. काय कडक सोवळं होतं त्यांचं! आम्ही शेजारची पोरं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकायचो. मी तसं म्हटलं, तर काकू खळखळून हसल्या.

"अगं, तेच तर! लग्न होऊन आले तेव्हा किती रडले असेन त्या सोवळ्यापायी. ही पळी तिकडे न्यायची नाही, ते खरकटं इकडे आणायचं नाही, याचा हात त्याला नको. सासूबाई गेल्या आणि मी सगळं सोडून दिलं. आता सून आली आणि तेच सगळं परत सुरू. फरक एवढाच, की ते माणसांना लांब ठेवायला होतं आणि हे एकीला पंगतीत बसवायला आहे. पण एक सांगते, त्या सरावाचा मला फार उपयोग झाला. मुलाला समजावायला महिने लागले. मला एका दिवसात कळलं."

"आई तर माझ्यापेक्षा कडक आहेत," सून म्हणाली. "मी एखाद्या वेळी म्हणते, जाऊ दे. त्या नाही म्हणत."

"तिथं डोहाळजेवणात मात्र तुला एकटीला तोंड द्यावं लागलं," मी म्हटलं.

ती जरा ओशाळली. "मी यजमानीणबाईंना हळूच सांगितलं होतं, की तेल तेच आहे म्हणून नको. पण गडबडीत त्यांना ऐकू गेलं 'तेल तसं आहे'. त्यांना वाटलं, तेलाला वास येतोय म्हणते."

म्हणजे सगळ्या आळीत जो गवगवा झाला तो एका शब्दाच्या ऐकण्यावरून! मी तिथल्या तिथे ठरवलं, हे काम आपलंच. वरच्या आळीतून बातमी खाली यायला जेवढा वेळ लागला त्याहून लवकर ती दुरुस्त होऊन वर पोचली पाहिजे. यजमानीणबाईही काही वाईट नाहीत. उलट त्यांना वाईट वाटलंय ते भजी नाकारल्याचं. कारण कळलं तर त्याच उद्या खडा हिंग शोधत फिरतील.

"पण काकू, वाढदिवसाला पन्नास माणसं. आचारी येणार, पुऱ्या तर हव्यातच. कढया दोन कुठून आणू?"

"दोन लागतच नाहीत. पहिला घाणा हिचा काढायचा. स्वच्छ घासलेली कढई, नवं तेल, आणि सगळ्यात आधी हिची भजी, हिचे कटलेट. ते झाले की झाकून बाजूला. मग त्याच तेलात तुझ्या पुऱ्या, समोसे, काय हवं ते. तेल वाया जात नाही, कढई वाढत नाही, फक्त क्रम बदलतो. आचाऱ्याला आदल्या दिवशी सांग. ऐन वेळी सांगितलंस तर तो हो म्हणेल आणि आधी पुऱ्या सोडेल. आणि हिचा घाणा निघेपर्यंत तू स्वतः कढईपाशी उभी राहा."

"आणि भजी मऊ पडली तर? पहिला घाणा म्हणजे तासभर आधी."

"म्हणून तर तांदळाचं पीठ. आणि झाकण घट्ट लावू नकोस, वाफ धरते. जाळीवर पसर, वरून नुसतं स्वच्छ फडकं."

झालं. पाहुणे आले की आधी कुणाला वाढायचं याचे मान-पान आमच्या आळीत फार. विहीणबाई आधी, मग जावई, मग थोरल्या घरचे. आता त्यांच्याही आधी काकूंची सून, निदान कढईपुरती. विहीणबाई काय म्हणतील हा विचार मनात आला, पण त्यांना सांगायला माझ्याकडे आता हॉलंडचा डॉक्टर होता.

मी निघाले. वाटी रिकामीच होती. सुनेनं घाईघाईनं कढीपत्त्याचे चार डहाळे तोडून तीत टाकले. दोन पावलं गेले असेन, तोवर काकूंनी हाक मारली.

"अगं, एक राहिलंच. हिचं काढशील ते दुप्पट काढ."

"दुप्पट? एकटीला?"

"एकटीला कुठे मिळतंय? मागच्या रविवारी हिच्यासाठी आठ कटलेट केले. हिच्या वाट्याला दोन आले. मुलानं तीन उचलले, आणि बाकीचे..." त्यांनी ओटीकडे पाहिलं. वर्तमानपत्र अगदी स्थिर होतं. "ताट वेगळं ठेव, वर हिचं नाव लिही, आणि शेजारी कुणालातरी बसव. सिलियाक शंभरात एकाला होत असेल, पण तळणाचा वास आला की आमच्या घरात तो सगळ्यांनाच होतो."